रिकाम्या खुंटीचा अभिमान

एकदा एक गाव होतं, आणि त्या गावची नदी रोज निराळ्या रंगाची वाहायची. वरच्या अंगाला रंगाऱ्यांचा घाट होता. रंगाऱ्यांनी निळीतली कापडं खळबळली की खालपर्यंत आभाळ वाहत आल्यासारखं वाटे, आणि मंजिष्ठेची तांबडी कापडं धुतली की भर दुपारी पाण्यात संध्याकाळ उतरे. गावच्या म्हशी डुंबून बाहेर आल्या की कधी गुलाबी दिसत, कधी पोपटी. परका माणूस डोळे चोळत बघत राहायचा. गावकऱ्यांना त्याचं काहीच वाटत नसे. नद्या अशाच असतात, असं ते धरून चालले होते.

त्या नदीच्या वळणावर एका म्हातारीचं शिवणघर होतं. तिला सगळे आऊ म्हणत. आऊच्या दारात राजवाड्याची पालखी थांबायची आणि डोक्यावर मोळी घेतलेली लाकूडवालीही थांबायची, आणि दोघींना एकाच चटईवर बसावं लागे. माप घ्यायची तिची तऱ्हा गावाला माहीत होती. कुणी चोळी शिवायला आलं की आऊ आधी सूप हातात द्यायची. "एवढे तांदूळ पाखड गं बाई, मी आलेच," म्हणायची आणि आत जायची. आत कुठली, दाराआडून बघत राहायची! बाईचा दंड कुठवर वर जातो, पाठ कुठे ताणते, दमली की ती कुठल्या अंगावर रेलते, हे सगळं ती त्या पाखडण्यात वाचायची. फीत पुढे आली की माणूस पोट आत ओढतं, मान ताठ करतं आणि खोटं उभं राहतं. सुपापुढे खोटं उभं राहायला कुणाला सवडच नसते.

आऊकडे लांबलांबच्या पोरी शिकायला येत. बेतायचं कसं, रंग कुठला कुणाला खुलतो, नक्षी कुठे थांबवायची, हे ती शिकवायची. "रंग आधी चेहऱ्याला विचारा, मग कापडाला," म्हणायची. कुणा पोरीने नखरेल काही करून आणलं की निरखून बघायची आणि विचारायची, "छान आहे. आता हे घालून बाईने चूल कशी फुंकायची ते दाखव." पोर ते उसवायला बसायची.

शिवणघराच्या भिंतीला खुंट्यांची एक रांग होती. प्रत्येक शिकणारीची एक खुंटी. तिच्या हातचा कपडा फाटून, उसवून, आखडून परत आला की तिच्या खुंटीवर टांगायचा, आणि तो तिनेच नीट करून द्यायचा. घराची एक रीतही त्या खुंटीशी बांधलेली होती. शिकणं पुरं झालं असं आऊला वाटलं की ती पोरीला म्हणायची, "खुंटीवरचं काढ आणि माझ्यासमोर नीट कर." ते काम झालं की आऊ स्वतःच्या हाताने तिला कात्री द्यायची. कात्री मिळाली म्हणजे पोर मोकळी झाली. कुठल्याही गावी जाऊन तिने आपला उंबरा घालावा आणि आपल्या नावाने शिवावं.

या पोरींत मथुरा नावाची एक होती. तिच्यासारखा हात आऊच्या घरात दुसरा नव्हता. तिचा टाका शोधावा लागे. काठ जिथे जुळे तिथे केसाएवढाही फरक नसे. एखादी कळी भरताना वाकडी झाली की अख्खी वेल उसवून ती पुन्हा बसायची, मग दिवस मावळो की उगवो. शिवायला बसण्याआधी हात तीनतीनदा धुवायची. तेलाचा ओघळ येईल म्हणून लोणचं खायची नाही. स्वतः मात्र राखेच्या रंगाचं लुगडं नेसायची, त्यावर काही पडलं तरी दिसू नये म्हणून.

याचं मूळ जुनं होतं. मथुरा लहान असताना जत्रेत गेली होती. परकराला आईने उरल्यासुरल्या कापडाचा जोड लावला होता, आणि वर गुळाच्या पाकाचा डाग. पाळण्याशी उभ्या असलेल्या पोरी तिच्याकडे बोट करून हसल्या होत्या. एवढंच. त्या पोरी हसल्या आणि विसरल्या. मथुरा विसरली नाही. पाळणा वर गेला की ते हसू वर जायचं, खाली आला की खाली यायचं, आणि मोठी झाल्यावरही तिच्या झोपेत तो पाळणा तसाच फिरत राहायचा.

मथुरेची खुंटी कोरी होती. तिच्या हातचं एकही वस्त्र कधी परत आलं नव्हतं. बाकीच्या पोरींच्या खुंट्यांवर चोळ्या आणि बंड्या लोंबत असत. आऊची खुंटी तर कपड्यांखाली दिसतच नसे. मथुरा सकाळी येताच आपली रिकामी खुंटी पदराने पुसून लखलखीत करायची आणि मग कामाला बसायची.

एके दिवशी हौसा नावाच्या पोरीला कात्री मिळाली. ही हौसा म्हणजे तोंडाने अखंड सुरू आणि हाताने ढिली. तिच्या बाह्या कधी सारख्या नसत. खुंटीवर तिच्या पाच-सहा चोळ्या कायमच्या. त्यातली एक तिने आऊसमोर बसून नीट केली, वर दोन गोष्टी सांगितल्या, आऊला खदाखदा हसवलं आणि कात्री पदरात बांधून नाचत गेली.

मथुरेच्या अंगाची आग झाली. ती तडक आऊपुढे जाऊन उभी राहिली.

"आऊ, मलाही कात्री द्या."

आऊ सुपारी कातरत होती. वर न बघता म्हणाली, "खुंटीवरचं काढ, नीट कर आणि घे."

"माझ्या खुंटीवर काही नाही."

"मग?"

"मग म्हणजे काय, आऊ? माझं काम उसवत नाही म्हणून मला कात्री नाही! त्या हौसाचं धड काही टिकत नाही, तिला तुम्ही कात्री दिलीत. फाटलं त्याला मान आणि टिकलं त्याला शिक्षा, हा कुठला न्याय?"

आऊने सुपारीचं एक खांड तोंडात टाकली. "तुझ्या हातचं एक फाटकं कापड आण, मथे. दुसरी अट नाही."

"माझं फाटत नाही!"

"बघ तरी जाऊन," आऊ म्हणाली. "गावात इतक्या बायकांना शिवून दिलंस. एखादीचं तरी फाटलं असेल. बायका काही हवेत तरंगत नाहीत."

मथुरा रागारागाने बाहेर पडली. त्या दिवशी नदी केशरी होती आणि घाटावर वाळत टाकलेली वस्त्रं वाऱ्याने अशी हलत होती, की सगळं गाव कुणीतरी अलगद उचलून नेत आहे असं वाटावं.

पहिल्यांदा ती कुंभारणीकडे गेली. कुंभारणीला तिने डाळिंबी रंगाची चोळी शिवली होती, दंडावर बारीक मोर भरलेली. कुंभारीण चाकाशी होती, कोपरापर्यंत चिखल.

"वहिनी, चोळी कशी आहे? कुठे उसवली-बिसवली?"

"अगं कशाने उसवेल?" कुंभारणीने चिखलाच्या हातांनीच आतल्या पेटीकडे खूण केली. "ती बघ, कापरात ठेवली आहे. हाताने काढ बाई तूच, माझे हात असे."

मथुरेने पेटी उघडली. मलमलीच्या फडक्यात चोळी जशीच्या तशी. मोरांच्या डोळ्यांतली चमकसुद्धा तशीच.

"घातली नाहीत कधी?"

"घालते की! म्हणजे घालणार होते. दिवाळीला काढली होती. मग म्हटलं, पोरं चिकट हातांनी येऊन लोंबकळतील. परत ठेवली." कुंभारीण हसली. "महिन्यातून एकदा उघडून बघते हो मात्र. बरं वाटतं."

दुसरी गुजाबाई. ही म्हातारी गावातल्या पोरांना गोष्टी सांगायची. तिने तर पेटी उघडूच दिली नाही.

"ते मी राखून ठेवलं आहे बाई," ती म्हणाली. "मला नेतील ना, तेव्हा तेच अंगावर घालायला सांगितलं आहे सुनेला. इतकं देखणं काम! जिवंतपणी कुठे घालायचं?"

आणि तिसऱ्या घरची मल्हारी सोनाराची बायको, ती तर फटकळच. "खरं सांगू का गं? रागावू नको. तुझी चोळी घातली की मीच माझ्या घरात पाहुणी होते. जपून बसायचं, जपून उठायचं. नवऱ्याने हाक मारली तरी मान वळवायची भीती. दोनदा घातली आणि ठेवून दिली. सोनं चांगलं आहे गं, पण सोन्याची उशी घेऊन काय करू?"

ती घरं फिरत राहिली. दारामागून दार, पेटीमागून पेटी. प्रत्येक पेटी उघडली की कापूर, वाळा आणि बकुळीचा वास यायचा, आणि त्या वासात मथुरेच्या हातची वस्त्रं निजलेली. कुणी त्यांना कधी उठवलंच नव्हतं. आपण वर्षानुवर्षं एक झोपलेलं गाव शिवत होतो की काय, असं मथुरेला क्षणभर वाटलं. मग तिने तो विचार झटकून टाकला.

एक चोळी ती मागून घेऊन नदीकाठी बसली. फाटकंच हवं ना? मग फाडू. काठाला बाभळीचं झुडूप होतं. तिने चोळीची बाही काट्याला अडकवली आणि ओढायला हात घातला. हात उठला नाही. स्वतःच्या पोराला चिमटा काढायचा कसा? तिने काटा हळूच बाजूला केला, चोळी घडी करून परत दिली आणि शिवणघरी आली.

"नाही मिळालं फाटकं," ती म्हणाली. "लोकांना चांगली वस्तू वापरायची अक्कलच नाही, आऊ. पेटीत कोंडून ठेवतात."

आऊ म्हणाली, "हं." आणि सुईत दोरा ओवायला तिच्यापुढे धरला.

त्या 'हं'ने मथुरेच्या मनात ठिणगी पडली. आऊची कात्री नाही मिळाली तर नाही मिळाली! आणि तसाच एक रस्ता तिच्यापुढे चालत आला. गावात रेशमाचा एक मोठा व्यापारी होता. कमळजा ही त्याची एकुलती एक लेक. तिचं लग्न ठरलं. व्यापारी मथुरेला म्हणाला, "माझ्या कमळजेला लग्नाची चोळी तू शिव. अशी शिव की वऱ्हाड बघत राहिलं पाहिजे. मांडवात तुझं नाव झालं तर राजधानीत माझ्या पेढीशेजारी तुला उंबरा घालून देतो. तुझ्या नावाचा. मग त्या म्हातारीच्या कात्रीची तुला गरज नाही."

मथुरेला दुसरं काय हवं होतं? ती जीव ओतून लागली.

कमळजा म्हणजे उनाड वारा. चिंचेवर चढणारी, जोरात हसणारी, येईल त्याच्या गळ्यात पडणारी. मापाला आली तेव्हा आल्याआल्या मथुरेला मिठी मारायला धावली. "स्थिर," मथुरा म्हणाली. "श्वास रोखून उभी राहा. हात हलवू नकोस." कमळजेने श्वास रोखला. त्या रोखलेल्या श्वासाचं माप घेऊन मथुरेने चोळी बेतली.

मोतिया रंगाचं रेशीम, आणि त्यावर त्याच रंगाच्या रेशमाने जुईची वेल, उन्हात आली तरच दिसणारी. पूर्ण झाली तेव्हा ती चोळी हातात धरावी की चांदण्यासारखी फक्त बघावी, ते कळेना. नव्या वस्त्राला हळदीचं बोट लावायची रीत आहे. मथुरेने सुईच्या टोकावर हळद घेतली आणि आत, शिवणीच्या घडीत, कुणालाही दिसणार नाही असा एक कण टेकवला. झाली रीत.

लग्नाच्या सकाळी नदी पिवळी होती. आदल्या दिवशी हळद लागली होती, आणि घाटावर रंगाऱ्यांनीही त्या दिवशी हळदीचीच कापडं काढली होती. आकाशसुद्धा त्या पिवळ्या छटेत न्हाल्यासारखं. कमळजेला चोळी घातली. मांडवात सगळे स्तब्ध झाले. सनईवाला फुंकायचा थांबला. मथुरेने ती शांतता ऐकली आणि तिच्या आतला पाळणा पहिल्यांदा फिरायचा थांबला. आता हसा म्हणावं!

पण कमळजा हसत नव्हती. अंगावरची हळद अजून उतरली नव्हती, मनगटं आणि मान पिवळी. ती दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभी होती, शेतातल्या बुजगावण्यासारखी. आजी कुंकू लावायला आली तर ती मागे सरकली. "आजी, नको, सांडेल." लहान चुलतभाऊ गळ्यात पडायला आला तर आईने त्याला मागे ओढलं. व्यापारी सगळ्यांना दटावत होता, "हात लावू नका रे! लांबून बघा, लांबून!"

मग पाठवणीआधी बापाने लेकीच्या पाठीवर हात ठेवायची वेळ आली. व्यापारी पुढे झाला. डोळे भरलेले. हात वर गेला आणि चोळीपासून वीतभर लांब थांबला. बापाचे हात हळदीने, अक्षतांनी आणि घामाने माखलेले. तो हात तसाच हवेत राहिला, खाली येईना, परतही जाईना. कमळजेने मागे वळून बघितलं. पण ती जागची हलली नाही.

तेवढ्यात गर्दीतून आऊ आली. हातात हळदीची वाटी, आजीच्या ताटातून उचललेली.

"बोट लावलं का गं मथे, नव्या चोळीला?"

"लावलं आहे," मथुरा घाईने म्हणाली. "आत शिवणीत. दिसणार नाही असं."

"मला दिसेना बाई. म्हाताऱ्या डोळ्यांना काही दिसत नाही." असं म्हणत आऊने सगळा पंजा वाटीत बुडवला आणि कमळजेच्या पाठीवर, जुईच्या वेलीच्या अगदी मध्यावर, खाडकन थाप मारली.

मांडवात कुणी तरी किंकाळी फोडली. ती मथुराच होती. मोतिया रेशमावर पाच बोटांचा हळदीचा पंजा उमटला होता, ओला, ठसठशीत, ओघळ येणारा.

"म्हातारे!" व्यापारी ओरडला. "काय केलंस हे?"

कमळजेने मान वळवून पाठीकडे बघायचा प्रयत्न केला. दिसेना. मग एका पोरीने आरसा धरला. कमळजेने पंजा बघितला, आऊकडे बघितलं, आणि तिला जे हसू फुटलं ते थांबेच ना. "झालीच की खराब!" ती म्हणाली. "आता कसली भीती, बाबा?" आणि दोन्ही हात पसरून ती बापाच्या गळ्यात पडली. बापाचा हवेतला हात खाली आला, बरोबर त्या पंज्यावर. बाप रडला, लेक रडली, आजीने कुंकू लावलं, निम्मं सांडलं. चुलतभाऊ पाठुंगळी चढला. सनईवाल्याने पुन्हा फुंकायला घेतलं.

मथुरा मांडवामागे जाऊन नदीकाठी बसली. पाणी पिवळं वाहत होतं. राजधानीचा उंबरा गेला, हे तिला कळलं होतं. पण डोळ्यांपुढून जे हलत नव्हतं ते दुसरंच होतं. तो बापाचा हवेत थांबलेला हात. आपण शिवलेल्या वस्तूपुढे एक बाप वीतभर लांब थांबला होता, आणि तो तसा थांबला म्हणून आपल्याला आनंद झाला होता.

आऊ हात धुवायला घाटावर आली. शेजारी टेकली.

"माझ्या आयुष्याचं काम होतं ते, आऊ," मथुरा म्हणाली. आवाज फाटलेला.

"माहीत आहे." आऊने पाण्यात हात बुडवले. "तू आजवर चोळ्या शिवल्या नाहीस, मथे. तूच सांगितलेल्या जत्रेतल्या त्या पोरींना उत्तरं शिवलीस. तुझा टाका न् टाका म्हणतो, बघा, काढा चूक, आता हसा. बाकीच्या बायकांनी तुझं भांडण अंगात घालून का फिरावं? त्यांना जड होतं ते. म्हणून काढून ठेवतात."

मथुरेने लुगड्याच्या काठावरची माती झटकली.

"मी शिवते तो कपडा अर्धाच असतो," आऊ म्हणाली. "उरलेला घालणारी करते. कुंभारणीची बाही झिजून आली की मला कळतं, ही कुठे टेकते. पाठ उसवून आली की कळतं, हिच्या पाठीवर पोर असतं. माझं सगळं शिकणं त्या खुंटीवरून झालं आहे. डौल माझ्या सुईत नव्हता कधीच, त्या बायकांच्या वागण्यात होता. मी नुसती त्याला जागा देत आले. तुझ्या खुंटीने तुला काही शिकवलं नाही, कारण तिला कुणी काही सांगितलंच नाही. बाई, जी वस्तू मळायला भिते ती कुणाची होत नाही. माणसाचंही तसंच. राखेच्या लुगड्यात किती दिवस दडशील?"

एवढं बोलून आऊ उठली. गुडघे कुरकुरले. जाताना मथुरेच्या डोक्यावर ओला हात ठेवून गेली, आणि मथुरेच्या केसांवर थोडी हळद राहिली. तिने ती पुसली नाही.

त्यानंतर मथुरेने आऊचं सूप उचललं. कुणी आलं की ती म्हणू लागली, "एवढं पाखडा हो जरा." बघायला लागली. बघता बघता तिला बायका दिसायला लागल्या. कुणाचा डावा खांदा उतरलेला, कुणी हसताना पूर्ण मागे झुकणारी, कुणी सतत पदराशी खेळणारी. तिने बाह्यांना सैलपणा दिला, पाठीला वाकायला वाव दिला. टाका तसाच बारीक ठेवला, तो तिचा हातच होता. कुंभारणीकडे गेली आणि तिची डाळिंबी चोळी पेटीतून काढून चाकाशी बसूनच तिला घालायला लावली. एक बोट चिखलात बुडवून मोराच्या पिसाऱ्याला स्वतःच लावलं. कुंभारीण आधी ओरडली, मग हसत सुटली. "आता तू आमची झालीस बघ!" एकदा जेवताना मथुरेने लोणच्याची फोड मागून घेतली. तेलाचा ओघळ कोपरापर्यंत आला. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग चाटून टाकला. बाकीच्या पोरींनी एकमेकींकडे बघितलं.

राखेचं लुगडं मात्र ती अजून नेसत होती. मग एक दिवस नदी गुलाबी असताना तिने ते त्याच पाण्यात धुतलं. सुकल्यावर त्यावर गुलाबाची पुसट झाक राहिली. ती तशीच नेसून आली.

आणि पुढच्या हिवाळ्यात, चिंचा गाभुळल्या होत्या तेव्हा, शिवणघराच्या दारात कमळजा उभी राहिली. माहेरपणाला आली होती. काखेत एक बोचकं.

"मथुताई, रागावू नकोस हं," तिने आधीच सांगितलं. "काखेत टर्रकन गेली. पार कोपरापर्यंत."

"कशी?"

"चिंचेवर चढले होते."

"लग्न झालं तरी?"

"सासूबाईच म्हणाल्या, तुझ्यासारखं वर कुणी पोचत नाही, तू काढ! चोळी तर अंगातच होती. ती रोजच असते."

बोचक्यातून मोतिया रेशमाची चोळी निघाली. आता ती मोतिया राहिली नव्हती. काठाला सांडलेल्या कुंकवाची छटा, बाहीवर तुपाचं बोट, कोपर झिजलेले, जुईच्या दोन कळ्या सुटून लोंबत होत्या. आणि पाठीवर पंजा, धुऊन धुऊन फिकट झालेला, पण पाचही बोटं अजून दिसत होती.

मथुरेने चोळी दोन्ही हातांत धरली. धूर, चिंच आणि दुधाचा वास आला. तिने ती तोंडाला लावली आणि बराच वेळ तशीच राहिली. कमळजेला वाटलं, ही रडते आहे, म्हणून ती कासावीस झाली. पण मथुरा वास घेत होती. एक अख्खं घर त्या रेशमात येऊन बसलं होतं, आणि ते सगळं तिला न विचारता, तिच्या पाठीमागे घडलं होतं.

तिने उठून चोळी आपल्या खुंटीवर टांगली. घासून घासून लखलखणाऱ्या त्या खुंटीवर पहिल्यांदाच काहीतरी लोंबलं. बाकीच्या पोरी कामं टाकून बघायला लागल्या. आऊ आतून आली. हातात कात्री होती, नवी, धार लावलेली. ती तिने मथुरेपुढे धरली.

मथुरेने बघितलं, पण हात पुढे केला नाही. "जरा थांबा, आऊ," ती म्हणाली. "आधी ही काख नीट करते. इथे मी हिचा श्वास रोखून माप घेतलं होतं. चूक माझी. इथे आता जास्तीच्या कापडाची कळी जोडायला हवी, म्हणजे हात वर जाईल." आणि ती चोळी घेऊन खिडकीशी बसली.

"तो पंजा काढायचा का?" आऊने विचारलं. "लिंबाने आणि उन्हाने उतरेल."

"अं हं," कमळजा एकदम म्हणाली. "तो राहू द्या. बाबांनी हात तिथेच ठेवला होता."

आऊने कात्री मथुरेच्या मांडीशी ठेवली आणि सुपारी शोधायला वळली. खिडकीबाहेर नदी त्या दिवशी कुठल्याच रंगाची नव्हती, रंगाऱ्यांना सुटी होती. साधं पाणी, साधा उजेड. मथुरेला ते इतकं सुंदर कधी दिसलं नव्हतं.

तुमचं काही कधीच परत आलं नसेल, तर मिरवू नका. आधी एखादी पेटी उघडून बघा.